गव्हाण झालेली होडी

फार पूर्वीची, नद्यांना पूल ठाऊक नव्हते तेव्हाची गोष्ट. एका रुंद नदीवर राजाच्या सनदेने एकच नाव चाले. तिचा तांडेल, म्हणजे मुख्य नावाडी, मोठा तोऱ्यातला माणूस. नाव गच्च भरल्याशिवाय सोडायची नाही, हा त्याचा शिरस्ता. पलीकडून कोणी हाका मारल्या तर तो गड्यांना सांगे, “तिकडं बघूच नका. ओरडणारा उद्याही आपल्याच नावेत बसणार आहे.”

एके दिवशी राजाने दवंडी पिटवली, नदी सगळ्यांची, ज्याला जमेल त्याने नाव चालवावी.

एका कोळणीने लगेच होडी आणली. एकच माणूस आला तरी ती वल्हं मारी आणि पसाभर जोंधळे घेई. माणसं तिच्याकडे वळली. तांडेलाच्या पोटात दुखू लागलं.

शहाण्याने शिरस्ता बदलला असता. पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही! तांडेलाच्या धान्याच्या कणग्या भरलेल्या होत्या. तो उतारूंना फुकट नेऊ लागला. लोकही असे, की फुकट म्हटल्यावर कोळणीला विसरले. दोन महिन्यांत तिची चूल थंडावली. होडी तांडेलालाच विकून ती गाव सोडून गेली.

होडी पुन्हा पाण्यात उतरू नये म्हणून त्याने तिच्या बुडाला भोक पाडलं आणि अंगणात गुरांची गव्हाण केली. दुसऱ्या दिवसापासून उतारू दुप्पट धान्य मोजू लागले, आणि जुना शिरस्ता तर होताच.

त्याच वर्षी त्याची एकुलती एक लेक बाळंतपणाला माहेरी आली. ऐन दुपारी ती अडली. सुईण पलीकडच्या गावात, नावही पलीकडेच.

तांडेल काठावर धावला. “अरे, नाव आणा रे! सुईणीला आणा! माझी लेक जाते रे!”

पलीकडे गड्यांना कोणीतरी ओरडताना दिसलं. त्यांनी शिकवल्याप्रमाणे पाठ फिरवली.

तो घरी पळाला. गव्हाणीतला कडबा उपसून त्याने होडी पाण्यात ओढली. भोकातून पाणी उसळलं. त्याने तळहात दाबून धरला. पण हात भोकावर असताना वल्हं कोण मारणार?

नाव आली ती उन्हं उतरल्यावर. आपल्या कामाला निघालेली सुईणही उतारूंत होती. ती काठावर उतरली तेव्हा घरातून बायकांचा आक्रोश ऐकू येत होता. तांडेल गुडघाभर पाण्यात, बुडालेल्या होडीत बसून होता.

गडी हौसेने म्हणाला, “तांडेल, आज एक जागा रिकामी ठेवली नाही बघा.”



बाळांनो, आणि थोरांनोही, जो लोकांची दुसरी वाट बंद करतो, तो आपलीही बंद करतो.