उमराईच्या फाट्यावरचा तांब्याचा पत्रा

पाहुणे, उमराईच्या डोंगराला जिथे दोन वाटा फुटतात, तिथे खडकावर एक तांब्याचा पत्रा ठोकलेला आहे. हिरवा पडलाय, पण उन्हात जरा तिरकं पाहिलं की डोंगर, देऊळ आणि वाट अजून दिसते. पत्र्यावरची वाट अगदी बरोबर आहे. घोळ झाला तो कागदावर.

असे सांगतात की, पूर्वी गावात रखमाजी नावाचा तांबट होता. पत्र्यावर मेण चढवायचं, सुईने चित्र काढायचं, तेजाबाला त्या रेघा खाऊ द्यायच्या, मग शाई भरून कागदावर दाबायचं, ही विद्या पंचक्रोशीत त्याच्या एकट्याच्या हाती. तोवर देवीचं चित्र असायचं ते इनामदाराच्या घरी. गरिबाच्या भिंतीवर ते आलं रखमाजीमुळे. लोक त्याला डोक्यावर घेत.

एका साली त्याने वाटेसकट डोंगर काढला. कागदावर सारं उलटं उमटतं, म्हणून पत्र्यावर उलटं काढायचं, हे त्याला काय सांगायला हवं होतं? पण घाईत विसरला. पहिला कागद उचलला आणि चूक दिसली. देवळाची वाट डावीकडे गेली होती, आणि डावीकडे तर कडा! जत्रा दुसऱ्या दिवशी. 'वाट सगळ्यांना पाठ आहे, चित्र बघून कोण चालतंय,' असं मनाला समजावत त्याने गठ्ठाच्या गठ्ठा छापला.

जत्रेत यसू नावाची परमुलखातली म्हातारी आली. लेक सुखरूप बाळंत झाली म्हणून देवीला खण वाहायचा होता. कागद घेऊन तिने विचारलं, "दादा, वाट कुठनं रं?"

भोवती गर्दी. खरं सांगावं तर चारचौघांत नाक कापलं जाणार.

"चित्रात हाय की समदं, म्हातारे," रखमाजी म्हणाला.

दिवस कलताना ती कड्याखाली मरून पडलेली सापडली. एका मुठीत खण, दुसरीत कागद. "वाट चुकली बिचारी," लोक हळहळले. रखमाजीला कुणीच बोल लावला नाही, आणि तेच त्याला सोसेना. तो तिच्या कानाशी वाकला आणि म्हणाला, "उजवीकडनं गं, आई." मग सगळ्यांदेखत आपली चूक सांगितली, उरलेले कागद जाळले आणि पत्रा फाट्यावर आणून ठोकला. पुढे मरेपर्यंत दर जत्रेला तो तिथे अनवाणी उभा राहिला म्हणे.

आता उजवीकडे पायऱ्या झाल्यात, डावीकडे कुंपण आहे. चुकायची सोयच नाही. पण आजही जत्रेला रखमाजीच्या घरचं कुणीतरी अनवाणी तिथे उभं असतं. वाट पाठ असलेले गावकरीसुद्धा त्याच्यापुढे थांबतात, ऐकतात, मगच वळतात. समोर पाटील असो की शाळकरी पोर, तो प्रत्येकाला एकच सांगतो, "उजवीकडनं, आई."