अठ्ठ्याण्णव गुणांचा रिले

“जो सारखा खोटं बोलतो त्याला गप्प केलं, तर चुकलं कुठं चाचा?”

इब्राहिम मुजावर खिडकीबाहेर बघत होते.

बाहेर पौषातलं धुकं होतं. उपकेंद्रातले लोखंडी मनोरे कमरेपासून वर दिसतच नव्हते. ट्रान्सफॉर्मरचा घुमारा तेवढा ऐकू येत होता… झोपेत कुणी गुणगुणावं तसा.

प्रश्न विचारणारी शर्वाणी देवगिरे माळशिंगीच्या त्या वीज उपकेंद्रात नवी अभियंता होती. तिथले सगळे रिले तिच्या ताब्यात होते. रिले म्हणजे लाइनवर डोळा ठेवणारं यंत्र. लाइनवर काही बिघडलं की ते क्षणात पुरवठा तोडतं. मुजावर चाचांनी चौतीस वर्षं हे रिले तपासले होते आणि महिनाअखेरीला ते निवृत्त होणार होते.

शर्वाणीनं चार महिने खपून चारशे बारा रिलेंची यादी केली होती. वय, बनावट, तक्रारी, सुटे भाग… आणि शेवटी प्रत्येकाला शंभरपैकी गुण. वरच्या कार्यालयानं तिची पाठ थोपटली होती. आता चाचांची सही हवी होती.

“खोटं बोलतो तो कोण?” चाचांनी विचारलं.

“धामणवाडी लाइनचा. या थंडीत पाच वेळा लाइन तोडली त्यानं. पाचही वेळा गस्तीला माणसं पाठवली. काही सापडलं नाही. मी त्याला बावीस गुण दिलेत.”

“आणि त्याचं काय करणार?”

“नवा येईपर्यंत त्याची पुरवठा तोडणारी तार सोडवून ठेवायची, म्हणजे तो गप्प. आदेश लिहून टेबलावर ठेवलाय. मागं दुसरा रिले आहेच की.”

“आहे. पण तो सावकाश उठतो.”

“चाचा, पाच वेळा!”

“गस्त किती वाजता गेली होती?”

“अकरा, बारा… सगळं आवरून निघेपर्यंत तेवढे वाजतातच.”

“ऊन पडल्यावर.”

तिनं खिडकीबाहेरच्या धुक्याकडं पाहिलं.

चाचांनी मफलर कानावर ओढला. “चला मॅडम. धुकं आहे तोवर जाऊन येऊ.”

जीप गावाबाहेर पडली. रस्ता चार हातांपुढं दिसत नव्हता. एक बैलगाडी धुक्यातून निघाली आणि धुक्यातच गेली. शर्वाणीला वाटलं, आपण कुठं चाललोच नाही. जागेवरच आहोत आणि गावं तेवढी शेजारून वाहत चालली आहेत.

वीटभट्ट्यांपाशी चाचांनी जीप थांबवली. लाइन तिथूनच जात होती. यंदा भट्ट्या वाढल्या होत्या, आणि लाइनखालच्या मोकळ्या पट्ट्यात पालं पडली होती. चुलींचा धूर वर न जाता आडवाच पसरत होता.

शर्वाणी मनोऱ्याकडं निघाली. चाचांनी हात आडवा धरला.

“इथून पुढं नको.”

“का?”

“ऐका.”

आधी काहीच ऐकू आलं नाही. मग वरून, जिथं मनोरा धुक्यात विरघळला होता तिथून, बारीक आवाज यायला लागला. तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा. मध्येच थांबायचा… पुन्हा सुरू व्हायचा.

डोक्यावर विटा घेतलेली एक बाई त्यांच्याजवळ थबकली. तिचं नाव सगुणा. गेल्या दिवाळीपासून ती या भट्टीवर होती.

“तारंचं बघाय आलाय व्हय?” ती म्हणाली. “रोज सकाळच्या पारी कुजबुजतीय बघा. ऊन आलं की गप. आमची पोरं म्हणत्यात, तार सपनात बोलतीय.”

“तुम्ही कुणाला सांगितलं नाही?” शर्वाणीनं विचारलं.

“इचारलं कुणी?”

सगुणा पुढं गेली.

शर्वाणी वर बघत राहिली. धुक्याच्या आत कुठंतरी निळसर उजेड हलत होता. तो चिनी मातीच्या चकत्यांच्या माळेवरून खालीवर सरकत होता, विझत होता, पुन्हा उमटत होता. त्या माळेच्या आधारानंच तार मनोऱ्याला लटकलेली असते. चकत्यांवर भट्टीची काजळी बसली होती. धुक्यानं ती ओली केली, आणि वीज तिच्यावरून वाट शोधत होती. हे सगळं तिला पुस्तकातून पाठ होतं. तरीही ती भान हरपून बघत होती. इतकं सुंदर काही तिनं या नोकरीत पाहिलं नव्हतं.

मग लख्ख पांढरा उजेड पडला.

धुकं आतून पेटल्यासारखं झालं. मोठा कडकडाट. भट्टीवरच्या बायका ओरडल्या. सगुणाच्या डोक्यावरच्या विटा खाली पडल्या. कुत्री पळाली.

आणि सगळं शांत झालं. वरची कुजबुजही थांबली होती.

तार जागेवर होती. पालं जागेवर होती. एक म्हातारी पालातून बाहेर आली, तिनं वर पाहिलं आणि पुन्हा आत गेली.

शर्वाणीचा फोन वाजला. उपकेंद्रातून ऑपरेटर सुतके बोलत होते.

“मॅडम, धामणवाडी पुन्हा ट्रिप. तोच रिले. नेहमीसारखं खोटंच असणार. तुमचा आदेश इथं आहे, तार सोडवून लाइन चालू करू का?”

शर्वाणीची नजर पालांवर गेली.

तिनं पालं मोजली. अकरा होती. सावकाश उठणारा रिले उठेपर्यंत ती ठिणगी वर तशीच जळत राहिली असती… तार वितळली असती… खाली…

“मॅडम? हॅलो?”

“नाही,” ती म्हणाली. “लाइन बंदच ठेवा. तो आदेश फाडा. माळा बदलायला माणसं पाठवा. आणि सुतके, तो खोटं बोलत नव्हता.”

चाचा जीपकडं निघाले होते. ती सगुणाला पडलेल्या विटा उचलू लागत होती, म्हणून ते थांबले.

दुपारपर्यंत माळा उतरवल्या गेल्या. तीन चकत्यांना तडे होते. दोन दिवसांनी तहसीलची माणसं आली आणि पालं पलीकडच्या माळावर हलली.

पण शर्वाणीला चैन नव्हतं. ती यादी पुन्हा पुन्हा चाळत होती. तिसऱ्या दिवशी ती चाचांपुढं उभी राहिली.

“बावीस गुणांचा खरा निघाला. मग अठ्ठ्याण्णववाला?”

अठ्ठ्याण्णव गुण शेरीपूर लाइनच्या रिलेला होते. यादीतले सगळ्यात जास्त. सहा वर्षांत त्यानं एकदाही लाइन तोडली नव्हती. एकही तक्रार नव्हती.

“त्यालाच विचारा,” चाचा म्हणाले.

रीतसर परवानगी घेऊन लाइन बंद केली. शर्वाणीनं स्वतः तपासणीचा संच जोडला. लाइनवर दोष आल्यावर जेवढा प्रवाह येतो तेवढा त्या रिलेत सोडला.

काचेआडची धातूची चकती फिरायला हवी होती; तीच फिरून लाइन तोडते.

ती फिरली नाही.

तिनं प्रवाह दुप्पट केला. चौपट केला.

चकती तशीच… एखाद्या निवांत पाण्यावर चांदणं पडून राहावं तशी चकाकत होती.

चाचांनी काचेचं झाकण काढलं. त्याच्या कडेचं रबर झिजून फट पडली होती. आत चकतीला चिकटून मातीचं एवढंसं घर होतं. कुंभारमाशीनं बांधलेलं. गुळगुळीत, नीटनेटकं. माशी केव्हाच उडून गेली होती.

“याची शेवटची तपासणी कुणी केली?” शर्वाणीनं विचारलं आणि विचारताच तिला वाईट वाटलं. कारण चाचा स्टुलावर बसले होते. काचेचं झाकण त्यांनी मांडीवर धरलं होतं.

“मीच. सहा वर्षांपूर्वी.”

“त्यानंतर?”

“दरसाल करायची असते…” त्यांनी खाली बघितलं. “कुरकुरणाऱ्यांच्या मागं धावण्यात वर्षं गेली, मॅडम. हा कुरकुरला नाही.”

खोलीत चारशे बारा रिले होते. सगळे गप्प होते. शर्वाणी रांगेवरून रांगेवर नजर फिरवत गेली. त्यातला कोण जागा आहे आणि कोण नुसता उघड्या डोळ्यांनी निजलाय, ते तिला सांगता येईना.

तिनं चाचांना पाणी आणून दिलं. मग दोघांनी मिळून मऊ ब्रशानं ती माती काढली. चकती तपासली, पुन्हा प्रवाह सोडला. या वेळी ती फिरली. चाचांनी डोळे मिटून घेतले.

पुढचे दहा दिवस दोघं रोज न कुरकुरणारे रिले तपासत राहिले. आणखी सात रिले निजलेले निघाले.

शेवटच्या दिवशी शर्वाणी नवी यादी घेऊन आली. गुणांचा रकाना तिनं खोडला होता. त्या जागी दुसरा होता : शेवटचं कधी विचारलं?

“आता सही कराल ना चाचा?”

चाचांनी चष्मा लावला. पानं सावकाश उलटली. मग पहिल्या पानावर परत आले आणि पहिल्या रिलेच्या वर, जिथं काहीच लिहिलेलं नव्हतं, तिथं बोट ठेवलं.

“इथं एक ओळ वाढवा.”

“कुणासाठी?”

“आपलं दोघांचं नाव राहिलंय. आपल्यालाही कुणी विचारायला हवं ना.”