अकरा प्रश्नांचं जेवण

"उद्या दुपारी बारा वाजता मी जेवायला येईन. तू मला एकही प्रश्न विचारायचा नाहीस. मी एक अक्षर बोलणार नाही, बोट दाखवणार नाही, मानही हलवणार नाही. तरी मला आवडतं तेच माझ्यापुढे आलं पाहिजे. वाडग्यात एक दाणा जरी उरला, तर परवा गाळा रिकामा!"

एवढं बोलून हिवरगडचे श्रीमंत रणधीरराव सरकार उपाशीच निघून गेले.

संस्थान जाऊन पाऊणशे वर्षं झाली होती. त्यांचं सरकारपण काही गेलं नव्हतं. पेठेतली इमारत त्यांची, तिच्यातला सात नंबरचा गाळा त्यांचा, आणि त्या गाळ्यात कावेरी लोखंडेचं 'तुमचं तुम्ही' हे मेक्सिकन हॉटेल. पुण्यातली नोकरी सोडून तिने ते एकटीने उभं केलं होतं. भाडेपट्टा याच आठवड्यात संपत होता. गाळा गेला असता तर दुसरा डाव मांडायची ताकद तिच्यात नव्हती.

झालं होतं ते असं. या हॉटेलात काचेमागे भांडी मांडलेली असतात आणि गिऱ्हाइकाने एकेक सांगत आपला वाडगा भरून घ्यायचा असतो. सरकार मोठ्या कौतुकाने आले. कावेरीने रोजच्या सवयीने सुरुवात केली, "भात साधा की लिंबू-कोथिंबिरीचा? राजमा काळा की लाल? पनीर की चिकन? टोमॅटोचा साल्सा तिखट की मध्यम? मका घालू?" असे एकामागून एक अकरा.

सरकारांना साठ वर्षांत असलं काही कुणी विचारलं नव्हतं. ताट समोर यायचं, ते जेवायचे. नावडलं तर आचारी बदलायचा. त्यामुळे उत्तरं त्यांच्यापाशी नव्हतीच! त्यात मागे रांगेत खोळंबलेलं कॉलेजचं एक पोरगं म्हणालं, "काका, आवरा की!"

"अकरा प्रश्न!" सरकार गरजले. "इतके तर मला कोर्टातही विचारले नाहीत, आणि तिथं उत्तरं द्यायला वकील होता!"

मग ती अट पडली.

सरकारांचे कारभारी तात्या खासनीस जरा मागे रेंगाळले. "बाई, सामान बांधायला घे. सरकारांना काय आवडतं ते मला चाळीस वर्षांत कळलं नाही."

"त्यांना तरी कळलंय का, तात्या?" कावेरी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बाराला सरकार आले. डोक्याला फेटा, तोंडाला कुलूप. मागोमाग सगळी पेठ आली. कुणाचं दुकान जातंय म्हटल्यावर इतरांना वेळ सापडतोच.

सरकार बसले. कावेरीने नमस्कार केला, एक रिकामा वाडगा आणला, तो स्वतःपुढे ठेवला आणि त्यांच्यासमोर बसली. हात मांडीवर. पाच मिनिटं गेली. दहा गेली.

"अगं, वाढ की!" तात्या कळवळले. कावेरी हलली नाही.

आता हिवरगडच्या घराण्याचा एक रिवाज आहे. कुठल्याशा दुष्काळात कुणा पूर्वजाने घालून दिलेला. समोर कुणी रिकाम्या पानावर बसलेलं दिसलं, तर सरकारांनी आधी उठून आपल्या हाताने त्याला वाढायचं, मगच स्वतः जेवायचं. जत्रेच्या पंगतीत ते हेच करतात आणि वर्षभर सांगत फिरतात.

सरकार कावेरीकडे बघत राहिले. मग उठले आणि काचेमागे गेले.

कावेरीने नियमाप्रमाणे त्यांना प्लास्टिकचे हातमोजे आणि टोपी दिली. टोपी फेट्यावर बसेना. ताणून बसवावी लागली. कुणी हसलं नाही. निम्मी पेठ त्यांची भाडेकरू होती.

सरकारांनी पळी घेतली. प्रत्येक भांड्यातलं थोडं तळहातावर घ्यायचं, चाखायचं, मग ठरवायचं, असं सुरू झालं. काळा राजमा चाखला आणि चार पावलं लांब सरकले. मक्यापाशी थांबले. एक पळी. अजून एक. इकडे तिकडे पाहून तिसरी! तिखट साल्साने डोळ्यांत पाणी आलं, तरी दोनदा घातला. वाडगा शिगोशीग भरला आणि त्यांनी तो अभिमानाने कावेरीपुढे ठेवला.

कावेरीने तो उचलून त्यांच्या खुर्चीपुढे ठेवला. "हे सरकारांचं जेवण."

"हा काय चावटपणा!" तात्या ओरडले. "ते तुला वाढलंय!"

"तात्या, दुसऱ्याला वाढताना माणूस आपल्याला आवडतं तेच वाढतो. मी तुमच्याकडे जेवले तेव्हा तुम्ही मला तीनदा कारलं वाढलंत."

कारल्यावर तात्यांचा जीव होता.

"आणि रिवाज?" ते पुन्हा उसळले. "पहिलं पान भुकेल्याचं!"

"मी पोहे खाऊन बसलेय. इथं उपाशी फक्त सरकार आहेत."

सरकारांनी हातमोजे काढले. पहिला घास सावकाश गेला. दुसरा कमी सावकाश. पुढचे मोजता आले नाहीत. बघता बघता वाडगा रिकामा झाला, आणि तळाशी मक्याचा एक दाणा उरला.

सरकारांनी त्याच्याकडे पाहिलं. मग वाडगा दूर लोटला आणि हाताची घडी घातली. हट्ट म्हणजे हट्ट!

"उरला!" तात्या म्हणाले. "दाणा उरला! गाळा रिकामा!"

कावेरीचा आवाज सरळ होता. "उरला खरा. मग दोष वाढणाऱ्या हाताचा. हिवरगडच्या सरकारांना मापात वाढता येत नाही, असं उद्या सगळी पेठ बोलेल. मी मात्र बोलणार नाही."

पेठ टाचा उंचावून बघत होती. सरकारांनी वाडगा पुढे ओढला, दाणा चिमटीत धरला आणि तोंडात टाकला.

मग ते हसले! प्लास्टिकची टोपी फेट्यावरून उडेपर्यंत हसले! तात्यांच्या हातातला भाडेपट्टा त्यांनी ओढून घेतला, 'एक वर्ष' खोडून 'वीस वर्षं' लिहिलं. हाताचा साल्सा कागदाला लागला, पाचही बोटं लाल उमटली. तात्यांनी घाईघाईने रुमाल काढला.

"पुसू नका," सरकार म्हणाले. "शिक्का आहे तो!"