कुंदाच्या बोटावरचा घास

डोंगरापलीकडे अबोलीची एक बाग होती, आणि त्या बागेच्या कडेला कुंदा नावाची छोटीशी मुलगी राहायची. बाहेर केशरी फुलांचा नुसता बहर, पण घरात चूल कधी पेटायची, कधी नाही. आई तापात गेली तेव्हापासून बाबा मुके झाल्यासारखेच होते. दिवसभर बागेत राबायचे आणि पाठ फिरवून एकटेच जेवायचे.

एके दुपारी कुंदाला झुडपाखाली मांजरीचं इवलंसं पिल्लू सापडलं. त्याच्या आईला कोल्ह्यानं नेलं होतं. अंग पिंजलेल्या कापसासारखं, दात तांदळाच्या कणीएवढे. कुंदानं आपल्या वाटणीचा मऊ भात शेळीच्या दुधात कालवून वाटीत ठेवला. पण पिल्लाला ठाऊक होतं ते फक्त आईच्या कुशीतलं दूध. ते वाटीत पाय घालायचं, कुंदाच्या परकराची कड चोखायचं आणि उपाशीच निजायचं. दिवसेंदिवस ते वाळत गेलं. एका संध्याकाळी त्याला मानही उचलवेना, तशी कुंदा रडू लागली.

तिचे टपोरे अश्रू अबोलीवर पडले आणि फुलातून बोटभर उंचीची लखलखती परी बाहेर आली. पंख चतुराचे, झगा मावळतीच्या रंगाचा.

"एकच माग, बाळ," परी म्हणाली. "फुलांवरचं ऊन सरण्याआधी माग. गेलेल्यांना मला परत आणता येत नाही. क्षणभर दाखवता येतं, एवढंच."

कुंदाला हुंदका आला. आईचा चेहरा हल्ली तिला नीट आठवत नसे. 'आई' ओठांवर आलंच होतं, इतक्यात मांडीवरचं पिल्लू थरथरलं.

"याला जेवता येऊ दे," ती म्हणाली.

"ते आईच शिकवते. तू होशील त्याची आई?"

कुंदानं मान डोलावली. परीनं तिच्या बोटाला पंख टेकवला. कुंदानं ते बोट भातात बुडवून पिल्लाच्या ओठांना लावलं. त्यानं चाटलं. तिनं बोट हळूहळू खाली नेलं, थेट वाटीत. पिल्लू शिंकलं, थबकलं आणि लपलप खाऊ लागलं.

बागभर सोनेरी उजेड पसरला आणि परी त्यात विरघळून गेली. मग ऊनही सरलं. आई काही दिसली नाही. कुंदा वाटीकडे बघत बसून राहिली.

मागे बाबा उभे होते. कधीपासून, कोण जाणे. ते भाकरी घेऊन तिच्याशेजारी बसले.

"कुंदे, तू जेवलीस का गं?"

तिनं मान हलवून नाही म्हटलं. बाबांनी भाकरी मोडली आणि पहिला घास तिच्या तोंडाशी नेला.