ध्वजकाठीवरची फुलं

राजा शूरकेतूच्या ध्वजकाठीवर केसासारख्या देठांची इवली पांढरी फुलं दिसली. राजगुरू म्हणाले, "हे बौद्ध ग्रंथांतलं उदुंबराचं फूल. तीन हजार वर्षांनी फुलतं, तेही चक्रवर्ती जन्मला तरच." तो चक्रवर्ती आपणच, असं मानून राजाने लगेच स्वारीचा हुकूम सोडला.

माळीण उत्पलाचा थोरला मागच्या लढाईतून परतला नव्हता. आता धाकट्याला बोलावणं आलं, तशी ती दरबारात गेली.

"महाराज, अशी फुलं माझ्या वांग्यांवर दरसाल येतात. मग वांगंही चक्रवर्ती म्हणायचं का?"

राजगुरू संतापले. "मग हे काय आहे, बाई?"

"अंडी आहेत. चार दिवसांत फुटतील. यातला किडा पानांवरची माव्याची कीड खाऊन पीक राखतो. महाराज, त्याला तुमचा ध्वज जवळचा वाटला. तुम्ही त्याच पिकांतून सैन्य नेणार का?"

राजा चार दिवस थांबला. पाचव्या दिवशी काठीवर किडे चालू लागले आणि जमलेले सैनिक पेरणीला घरी गेले.