मातीत जा

शंखपुरावर वीरबाहू राजाची सत्ता होती, त्या काळी बोधिसत्त्व तेथील कुंभारआळीत जन्माला आला होता. त्याचे नाव भद्रक. या गोष्टीच्या वेळी तो सत्तरीला टेकला होता. घरात दुसरे कोणी उरले नव्हते आणि नजर अधू झाली होती, तरी त्याने चाक सोडले नव्हते. आळीतले सगळे त्याला भद्रकबाबा म्हणत.

त्याच आळीत नंदिक कुंभार आणि त्याची बायको उप्पला राहत. त्यांना सोणा नावाची सहा वर्षांची मुलगी होती आणि अंगावर पिणारा एक मुलगा होता. सोणा भारी उपद्व्यापी. ओल्या मडक्यांवर बोटे उमटवल्याशिवाय तिला चैन पडत नसे. कुंभारांच्या घरी मुलांची लुडबुड वाढली की आया म्हणत, "जा मातीत." म्हणजे नदीकाठच्या मातीच्या खाणीवर जाऊन खेळा, आम्हाला कामे करू द्या. दिवसातून दहा वेळा म्हणत आणि पोरे आनंदाने पळत. पण हेच दोन शब्द रागाने तोंडातून निघाले तर ती शिवी होई. मातीत जा, म्हणजे मर. शब्द तेच, फरक काय तो आवाजात.

एका दुपारी सोणाच्या धक्क्याने फळी कलंडली आणि एका लग्नघरासाठी केलेले ओले कलश जमिनीवर पडून चेपले. बाळ रडत होते. उप्पला पहाटेपासून उपाशी होती. ती म्हणाली, "जा मातीत." सोणा गेली. अवकाळी पावसाने खाणीची कड भुसभुशीत झाली होती, ती पोरीवर ढासळली. लोकांनी उकरून काढले तेव्हा तिच्यात प्राण उरला नव्हता.

त्या संध्याकाळपासून उप्पलेने तोंड मिटले. आपल्या तोंडून जे निघते ते खरे होते, असे तिने मनाशी धरले. ती बाळाशी बोलेना. पुढे पुढे चुकून एखादा शब्द निसटेल या भीतीने त्याला जवळही घेईना. अन्न जाईना, तशी तिची छातीही आटली. नंदिकाची बहीण वसुला शेजारीच राहत असे, तिने बाळाला आपल्या घरी नेले आणि ती कापसाच्या बोळ्याने शेळीचे दूध पाजू लागली. पण ते मूल दिवसेंदिवस वाळत चालले. तीन महिन्यांत त्याच्या अंगावर नुसती कातडी राहिली आणि त्याचे रडणेही शेजारच्या घरात ऐकू येईनासे झाले.

आळीतल्या बायका येऊन बसत. अगं, तू तिला खेळायला जा म्हणून सांगितलेस, आम्हीही रोज सांगतो, तुझा काय दोष, असे म्हणत. बिचाऱ्या मनापासून म्हणत. उप्पला दर वेळी भिंतीकडे तोंड फिरवी. काहीजणी बाहेर पडल्यावर मात्र ती काळ्या जिभेची आहे असे कुजबुजत. मारणाऱ्याचा हात धरता येतो, बोलणाऱ्याचे तोंड धरता येत नाही.

अखेर नंदिकाने सत्यक्रिया करण्याचे ठरवले. त्या काळी लोकांची श्रद्धा होती की, हातात पाणी घेऊन माणसाने पूर्ण सत्य उच्चारले तर त्या सत्याच्या बळाने आजारी माणूस उठतो. सगळी आळी जमली. मधोमध बाळ ठेवले. नंदिकाने बायकोच्या ओंजळीत पाणी ओतले आणि काय म्हणायचे तेही सांगितले, की माझ्या मनात सोणाविषयी कधीही वाईट आले नाही, या सत्याने माझे बाळ बरे होवो. उप्पलेने ओठ उघडले, बाळाकडे पाहिले आणि ओंजळ सोडून दिली. पाणी पायांवर सांडले. वसुलेने बाळाला उचलले आणि वहिनीने पुन्हा आपल्या दारात पाऊल टाकू नये असे भावाला बजावून ती निघून गेली.

बोधिसत्त्व कडेला काठी टेकून उभा होता. त्याच्या लक्षात आले की ही बाई सत्याला भ्यायली नाही. तिच्या तोंडी दिलेले वाक्य खोटे होते, आणि बाळाच्या जिवावर खोटे बोलायला ती तयार नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो खाणीवर गेला. उप्पला रोज तिथे ढासळलेल्या कडेपाशी बसून असे. तो तिच्यासमोर बसला. जवळच्या मडक्यातले पाणी स्वतःच्या हातावर घेऊन त्याने आपली गोष्ट सांगितली. चाळीस वर्षांपूर्वी त्याचा मुलगा तापाने गेला होता. वैद्याकडे लगेच धावलो, असे त्याने सगळ्यांना सांगितले होते. पण त्या सकाळी भट्टी उघडायची होती. आधी त्याने भट्टी उतरवली आणि मग तो वैद्याकडे गेला. पुढे एके दिवशी नदीवर एकट्याने जाऊन, हातात पाणी घेऊन त्याने हे उच्चारले होते.

तीन महिन्यांत प्रथमच उप्पला बोलली. "मग आला मुलगा?"

"नाही आला."

"मग काय मिळालं?"

"त्या रात्री मला झोप लागली," बोधिसत्त्व म्हणाला. "मेलेलं माणूस सत्यानं उठत नाही, मुली. पण सत्य बोलून कुणी मरतही नाही, एवढा माझा विश्वास आहे. तुझा नसेल तर माझ्यावर अजमावून पाहा. मी म्हातारा आहे. तुझी जीभ काळी असेल, तर काय व्हायचं ते मला होऊ दे. बाळाला धोका नको."

त्याने तिच्या ओंजळीत पाणी ओतले.

"मी तिला खेळायला पाठवलं नव्हतं," ती म्हणाली. "रागानं म्हणाले. त्या घटकेला मला ती नको झाली होती. ती मरावी असं नव्हतं मनात. पण नको झाली होती, बाबा. आणि मग तिच्यासाठी भात झाकून ठेवला. कलश पुन्हा करताना मनात म्हणत होते, आली की जवळ घेईन."

ती रडू लागली. सोणाला जाळले त्या दिवशीही तिच्या डोळ्यांतून पाणी आले नव्हते. बोधिसत्त्वाने तिचे सांत्वन केले नाही. तुझा दोष नाही, असे तर तो मुळीच म्हणाला नाही. ऊन उतरेपर्यंत तो तिथेच बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच उप्पला त्याच्या दारात येऊन उभी राहिली. तो आहे की गेला, हे तिला पाहायचे होते. तो पायाने माती तुडवत होता.

"बरे आहात ना?" तिने विचारले.

"कंबर दुखते," तो म्हणाला. "पण ती चार वर्षं दुखते आहे, तिचं पाप तुझ्या माथी नको."

ती तशीच वसुलेच्या दारी गेली. वसुला वाट अडवून उभी राहिली, तेव्हा खाणीवर बोललेले सगळे तिने नणंदेपुढे पुन्हा एकदा शब्द न गाळता सांगितले. ऐकता ऐकता वसुलेने उंबऱ्यावर बसकण मारली आणि मग आत जाऊन बाळाला आणले. बाळाने आईला ओळखले नाही. तिच्या आवाजाने दचकून ते रडू लागले, तरी ती बोलत राहिली. ती जेवू लागली, पण दूध लगेच आले नाही. आठ-नऊ दिवस कोरडी छाती चोखून मूल चिडत होते, मग थोडे थोडे येऊ लागले. मूल जगले. शेजारणी पोरांना "जा मातीत" म्हणत, तेव्हा उप्पलेचा मडक्यावरचा हात थांबे. तो जन्मभर थांबत राहिला.

ही पूर्वजन्मीची हकीकत सांगून तथागत म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हाचा नंदिक आणि तेव्हाची वसुला आज या विहाराला पाणी पुरवणारे भाऊबहीण आहेत. तो म्हातारा कुंभार मीच होतो. तेव्हाची उप्पलाही या सभेत आहे. तिचे नाव मी घेणार नाही. तिला बोलावेसे वाटेल तेव्हा ती बोलेल. त्या जन्मी मी जी पूर्ण केली ती सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता."

सभा उठली. शेवटच्या रांगेत डोक्यावरून पदर ओढून एक बाई बसली होती. तिचे मूल जाऊन पंधरा दिवस झाले होते. ती उठली नाही, म्हणून तथागतही उठले नाहीत.