न दिसणाऱ्या बाजूने

एका वृद्ध पशुवैद्याकडे एकदा एक शिष्य विद्या शिकायला राहिला होता. शिष्य बुद्धिमान. सोनोग्राफीच्या यंत्रावर त्याचा हात असा बसला होता, की बाहेरून पांढरा पडलेला डोळाही तो आतपर्यंत पाहू शके. अभिमान जडला की माणूस जरा मोठ्याने बोलू लागतो; तसा तोही बोलू लागला होता.

एके सकाळी वीटभट्टीवर राबणारी ठकूबाई आपली गाढवी घेऊन आली. गाढवीचा डावा डोळा दुधासारखा झाला होता आणि पाठीवर काठीचे वळ होते.

"सारखी ठेचकाळतीया, विटा पाडतीया," ठकूबाई म्हणाली. "मला वाटलं, अंगचोर झाली. दुसरा डोळाबी अधू असंल तर मुकादम हिला भट्टीवर येऊ द्यायचा न्हाई. मग हिला कुठं सोडू?"

ठकूबाई गाढवीशी बोलत, तिचे कपाळ कुरवाळत उभी राहिली. शिष्याने पापणीवर जेल लावून यंत्राची मूठ टेकवली. डोळ्याच्या मागचा पडदा सुटलेला स्पष्ट दिसला.

"हा डोळा कधीच गेला आहे," तो म्हणाला आणि वळांकडे बोट दाखवून कडाडला, "आंधळ्या जनावराला मारता? लाज कशी वाटत नाही?"

बाई खाली मान घालून भिंतीशी सरकली. तिचे बोलणेही थांबले. चित्र अधिक नीट यावे म्हणून शिष्याने पुन्हा डावीकडून हात घातला, तशी गाढवी उसळली. मूठ त्याच्या हातातून निसटली. संतापून त्याने तिच्या मानेवर फटका मारला. "अडेल कुठली!"

इतका वेळ बाजूला बसून पाहणारे गुरुजी उठले. "त्या स्टुलावर बस. डोळे मीट."

आता काही गूढ उपदेश मिळणार, अशा थाटात शिष्य बसला. कसलीही चाहूल न लागता अचानक पापणीवर थंडगार जेल पडले. शिष्य दचकून उठला आणि त्याने गुरुजींचा हात झिडकारला.

"अडेल कुठला," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी त्याच्या मानेवर हलकी चापट मारली.

शिष्याने पापणीवरचे जेल पुसले.

"मी जवळ आहे हे तुला ठाऊक होते, तरी दचकलास," गुरुजी म्हणाले. "तिला तेवढेही ठाऊक नव्हते. या बाईने मारले ते डोळा गेल्याचे न कळल्यामुळे. तू तर स्वतःच्या तोंडाने डोळा गेला म्हणालास, आणि त्याच बाजूने न बोलता हात घातलास. डोळ्याच्या आतले सगळे तू पाहिलेस. त्या डोळ्याला तू दिसत नाहीस, एवढे मात्र पाहायचे राहिले."

शिष्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. ठकूबाईकडे पाहण्याची हिंमत होईना. तरी तो तिच्यापुढे हात जोडून उभा राहिला. "मावशी, मघाचे ते लाजेचे शब्द माझ्यासाठीच होते."

"माझ्यासाठीबी व्हते, डाक्टर," ती डोळे पुसत म्हणाली. "वळ माझ्याच हातचं हाइत."

मग शिष्य गाढवीशी बोलत पुढे झाला, आधी मानेवर हात ठेवला, आणि उजवा डोळा तपासला. गाढवी शांत उभी राहिली. तो डोळा निरोगी होता.

"रोज मी हिच्या उजवीकडनं चालायची," जाताना ठकूबाई म्हणाली, आणि वळसा घालून डावीकडे आली. गाढवीशी बोलत बोलत ती वाटेला लागली. शिष्य दारात उभा होता. तिचा आवाज ऐकू येईनासा झाला, तरी त्याची मान वर झाली नाही.